श्रीलंका स्वतःच्या बळावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकूण किती दिवस काढावेत आणि किती ठिकाणी राहावं?

दहा रात्री असतील तर चार मुक्काम. चौदा असतील तर पाच, फार तर सहा. देश लहान आहे, ६५,६१० चौरस किलोमीटर, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत साधारण ४३० किलोमीटर. हे आकडे पाहून माणसाला हाव सुटते. पहिल्या खेपेला मी बारा दिवसांत नऊ मुक्काम ठेवले होते. रोज सकाळी बॅग भरायची, दुपारभर प्रवास, संध्याकाळी नवी खोली. पोलोन्नरुवाच्या गलविहारात, कातळात कोरलेल्या त्या निजलेल्या बुद्धासमोर, मी जेमतेम दहा मिनिटं उभी होते, कारण बाहेर गाडी थांबली होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. तेव्हापासून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: यादी तयार झाली की तिच्यातून एक ठिकाण काढून टाका, मग तिकिटं काढा.

कुठला महिना चांगला?

या प्रश्नाचं उत्तर "कुठला किनारा?" या प्रश्नात आहे. इथे दोन मोसमी पाऊस येतात आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी येतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतात. मधला डोंगराळ भाग त्यांना अडवतो, त्यामुळे त्याच दिवसांत पलीकडे त्रिंकोमाली आणि अरुगम बे इथे लख्ख ऊन आणि शांत समुद्र असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमीचे. तेव्हा पूर्व किनारा आणि उत्तर भाग ओला, तर दक्षिण-पश्चिम किनारा कोरडा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला काळ. बहुतेक ठिकाणी दुपारनंतर गडगडाटी सरी येतात आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांची भीती याच सुमारास असते.

म्हणून आधी महिना ठरवा, महिन्यावरून किनारा ठरेल आणि किनाऱ्यावरून मार्ग. उलट क्रमाने गेलात, म्हणजे फोटो पाहून मिरिसा पक्कं केलं आणि रजा जुलैत मिळाली, तर खवळलेल्या समुद्रासमोर बसून राहाल. व्हेल बघायच्या बोटींचंही तसंच: मिरिसाहून साधारण डिसेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीहून मे ते सप्टेंबर. सगळं थोडं थोडं हवं असेल आणि तारखा तुमच्या हातात असतील तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च घ्या.

एक तारीख मात्र लक्षात ठेवा. १३-१४ एप्रिलच्या आसपास सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं. लोक गावी जातात, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, दुकानं आणि खानावळी बंद असतात आणि डोंगरातल्या थंड हवेच्या नुवारा एलियात खोली मिळणं मुश्कील होतं.

दहा-बारा रात्रींचा मार्ग कसा आखावा?

एकाच दिशेने फिरा, आलेल्या वाटेने परतू नका. डिसेंबर ते मार्चसाठी मी हा क्रम सुचवते.

विमानतळ कोलंबोत नाही, तो उत्तरेला कटुनायकेला आहे. विमान रात्री उतरत असेल तर जवळच्या नेगोम्बोत एक रात्र काढा. सकाळी तिथूनच सिगिरियाकडे निघा, कोलंबोत शिरूच नका. सिगिरिया किंवा हबराना इथे तीन रात्री. या एका मुक्कामातून सिगिरिया, दांबुलाची लेणी आणि पोलोन्नरुवा हे सगळं होतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर मिन्नेरियाचे हत्तीही. मग कँडीत दोन रात्री. कँडीहून आगगाडीने डोंगर चढून एल्लाला, तिथे दोन-तीन रात्री. एल्लाहून गाडीने दक्षिणेला समुद्रापर्यंत उतरायचं आणि मिरिसा किंवा गॉलच्या परिसरात तीन रात्री राहायचं. परतीला दक्षिणेचा द्रुतगती मार्ग आहेच.

मे ते सप्टेंबरमध्ये हाच मार्ग थोडा बदला. सिगिरियाहून त्रिंकोमालीला जा, समुद्र तिथेच बघून घ्या, मग कँडी आणि एल्ला करून परत. अरुगम बे हवं असेल तर ते एल्लाच्या पुढे जोडा आणि त्रिंकोमाली सोडा. दोन्ही एकाच फेरीत बसवायला गेलात की ओढाताण होते.

सिगिरियाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे वेळेची चूक सगळ्यांत महाग पडते. पाचव्या शतकात कश्यप राजाने या कातळावर राजधानी वसवली. वर जायला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि निम्म्याहून जास्त वाट उन्हात आहे. दार उघडल्याबरोबर आत शिरा. साडेनऊनंतर भित्तिचित्रांकडे जाणाऱ्या गोल लोखंडी जिन्यावर रांग लागते आणि कातळ तापायला लागतो. चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे, ती पाळा. कातळावर गांधीलमाशांची मोठी पोळी आहेत, सूचनाफलक शांतता पाळायला सांगतात, आणि ते शब्दशः घ्यायचं. समोरच्या पिदुरंगल टेकडीवरून अख्खा सिगिरिया एका नजरेत येतो, पण तिथे शेवटच्या टप्प्यात मोठमोठ्या दगडांवरून हातापायांनी चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तो नाद सोडा.

नकाशावर ७०-७५ किलोमीटर दिसतात, मग अडीच तास का सांगतात?

कारण रस्ता दुपदरी आहे, गावांतून जातो आणि पुढे टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा, मागे बस असते. दांबुला ते कँडी हे नेमकं असंच अंतर. घाटात तासाला पंचवीस-तीस किलोमीटर आणि सपाटीवर चाळीस धरून हिशोब करा. द्रुतगती मार्ग सोडले तर हा हिशोब सहसा चुकत नाही. ज्या दिवशी चार तासांपेक्षा जास्त प्रवास आहे त्या दिवशी बघण्याचं काहीच ठेवू नका.

कँडी–एल्ला आगगाडीचं आरक्षण कसं मिळवायचं? नाही मिळालं तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आरक्षण प्रवासाच्या ३० दिवस आधी उघडतं आणि गर्दीच्या महिन्यांत बघता बघता संपतं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. चहाचे मळे आणि धुकं काचेआडून बघायचं असेल तर तो घ्या, मी मात्र दुसऱ्या वर्गाचं आरक्षण घेते. काही गाड्या कँडी स्थानकात येतच नाहीत, पेरादेणिया जंक्शनवरून वळतात. तिकिटावर चढण्याचं स्थानक नीट वाचा.

आरक्षण नाही मिळालं तर जीव काढू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटं त्याच दिवशी खिडकीवर मिळतात. जागेची खात्री नसते आणि प्रवास सहा-सात तासांचा असतो. माझा उपाय असा: कँडीहून नुवारा एलियापर्यंत रस्त्याने जा, तिथे एक रात्र राहा आणि जवळच्या नानुओया स्थानकावरून गाडी पकडा. तिथून एल्लापर्यंत अडीच-तीन तास लागतात आणि माझ्या मते या मार्गाचा सर्वांत देखणा भाग हाच. वाटेत पट्टिपोला लागतं, देशातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दितवा चक्रीवादळाने डोंगरातला लोहमार्ग अनेक ठिकाणी उखडला. त्यामुळे मुक्काम पक्के करण्याआधी कुठल्या टप्प्यावर गाडी धावते आहे हे श्रीलंका रेल्वेकडूनच तपासून घ्या.

त्या गाडीतला एक क्षण माझ्या मनात अजून तसाच आहे. हपुतळेच्या अलीकडे बोगदा संपला, डब्यात एकदम पांढरं धुकं आलं आणि त्यातून टोपली डोक्याच्या उंचीवर धरलेला विक्रेता "वडे, वडे" करत पुढे आला. डाळीचा कुरकुरीत वडा आणि त्यावर अख्खी कोळंबी चिकटवलेली, त्याला इस्सो वडे म्हणतात. पुडी शाळेच्या वहीच्या पानाची होती. त्यावर गुणाकार सोडवलेले आणि बाईंची लाल बरोबरची खूण. कोळंबी नको असेल तर "परिप्पु वडे" मागा, तो नुसता डाळीचा असतो.

दारात बसायला सगळेच जातात. बसा, पण बाहेर लोंबकळून फोटो काढू नका. बोगदे आणि कातळ डब्याला अगदी घासून जातात आणि तिथे जीव गेलेले आहेत.

बस, टुकटुक की ड्रायव्हरसह गाडी?

तिन्ही, जागा पाहून. बस सर्वांत स्वस्त आणि जवळजवळ सगळीकडे जाते. सरकारी बस लाल असतात. खासगी बस जास्त दामटतात आणि जास्त भरतात. दाराजवळच्या पहिल्या आसनावर भिक्खूंसाठी राखीव असल्याची पाटी असते. तिथे बसला असाल आणि भिक्खू चढले तर उठून जागा द्या. मोठ्या बॅगेला बसमध्ये जागाच नसते, ती ड्रायव्हरशेजारच्या उंचवट्यावर ठेवावी लागते. म्हणून चाकांच्या दोन सुटकेसपेक्षा पाठीवरची एक बॅग आणा.

टुकटुक गावातल्या गावात. कोलंबो, कँडी अशा शहरांत पिकमी हे ॲप वापरा, भाडं आधीच दिसतं. इतरत्र बसण्यापूर्वी भाडं ठरवा.

ड्रायव्हरसह गाडी अख्ख्या सहलीसाठी घेण्यापेक्षा अडचणीच्या टप्प्यांपुरती घ्या: विमानतळ ते सिगिरिया, एल्ला ते समुद्र. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मात्र पूर्ण वेळ गाडीच बरी. निघण्यापूर्वी नम्रपणे स्पष्ट करा, की मसाल्याच्या बागा आणि रत्नांची दुकानं आम्हाला बघायची नाहीत. तिथल्या खरेदीवर ड्रायव्हरला टक्केवारी मिळते आणि तुमचा अर्धा दिवस जातो.

स्वतः गाडी किंवा टुकटुक चालवता येईल?

येते, वाहतूक डावीकडूनच आहे. पण नुसता आंतरराष्ट्रीय परवाना पुरत नाही, त्याला श्रीलंकेत स्थानिक मान्यता घ्यावी लागते. मान्यता नसताना अपघात झाला तर विमा हात वर करतो. बसवाल्यांचं ओव्हरटेकिंग पाहिलं की बहुतेकांचा उत्साह मावळतो.

सगळे मुक्काम आधीच आरक्षित करावेत का?

पहिली रात्र, शेवटची रात्र आणि आगगाडीच्या दोन्ही टोकांचे मुक्काम, एवढे पक्के करा. बाकी जागा रद्द करता येतील अशाच घ्या. याला अपवाद कँडीच्या एसल पेराहेराचा. जुलै-ऑगस्टमध्ये दंतधातू मंदिराची, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिराची, ही मिरवणूक निघते, सजवलेले हत्ती, मशाली, ढोल. त्या दिवसांत कँडीत खोल्यांचे दर कितीतरी पट होतात आणि तरीही मिळत नाहीत. मिरवणूक बघायची असेल तर कित्येक महिने आधी हालचाल करा, नसेल तर तेवढे दिवस कँडी टाळा.

घरगुती गेस्ट हाउस मिळत असेल तर हॉटेलपेक्षा ते निवडा. उद्या कुठला रस्ता बंद आहे, कुठली बस खरंच येते, हे त्या घरच्या काकूंना कुठल्याही ॲपपेक्षा आधी कळतं.

व्हिसाचं काय?

बहुतेक देशांच्या नागरिकांना प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी, म्हणजे ईटीए, घ्यावी लागते. पासपोर्ट पुढचे सहा महिने वैध हवा. शुल्क आणि सवलतींचे नियम २०२३ नंतर अनेकदा बदलले आहेत, तेव्हा मित्राने गेल्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका. विमानाचं तिकीट काढण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पाहा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात, पत्त्याच्या शेवटी सरकारी नाव आहे ना ते बघा.

पैसे कसे न्यावेत?

बस, टुकटुक आणि खानावळीसाठी रोख श्रीलंकन रुपये लागतातच. एटीएम शहरांत सगळीकडे आहेत, डोंगरात शिरण्याआधी पैसे काढून ठेवा. ५,००० ची नोट टुकटुकवाला मोडू शकत नाही, ती सुपरमार्केटमध्ये मोडा. भारतीय प्रवाशांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय सुरू झालं आहे, पण क्यूआर ठेवणाऱ्या दुकानांतच. आणि हो, दोन्हीकडे "रुपये"च म्हणतात, तेव्हा भाव ऐकला की कुठले रुपये ते विचारा.

सिगिरियासारख्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांचं तिकीट डॉलरमध्ये ठरलेलं असतं आणि ते अंदाजपत्रकाला चांगलंच खिंडार पाडतं. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक पुरातत्त्वीय स्थळांवर सवलत मिळते, पण खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो. तो खोलीवर ठेवून येऊ नका.

मी पूर्ण शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

मुळीच नाही, पण एक गोष्ट माहीत असायला हवी: उंबलकड. म्हणजे वाळवलेल्या टूना माशाचे तुकडे किंवा चुरा. तो पोल सांबोलात, म्हणजे ओल्या खोबऱ्याच्या लालभडक चटणीत, असतो आणि कधी कधी भाज्यांतही असतो. तिथल्या स्वयंपाकात त्याला मासा म्हणून मोजतच नाहीत, तो चवीपुरता घालतात. त्यामुळे "व्हेज आहे का?" विचारलं तर समोरचा प्रामाणिकपणे "हो" म्हणतो. नाव घेऊन सांगा: "मस् एपा, मालु एपा, उंबलकड एपा." मस् म्हणजे मांस, मालु म्हणजे मासा, एपा म्हणजे नको. बेकरीतला मालु पान हा माशाचा पाव असतो. तिकोनी "एळवळु रोटी" भाजीची असते.

एवढं सांभाळलं की मग चैन आहे. राइस अँड करी मागवलं की भाताभोवती चार-पाच वाट्या येतात: नारळाच्या दुधातली परिप्पु म्हणजे मसूर डाळ, बीट, वांगं, आणि नशीब असेल तर पोलोस, कोवळ्या फणसाची दाटसर करी. हे दुपारचं जेवण, छोट्या खानावळीत संध्याकाळी संपलेलं असतं. रात्री आप्पे नव्हे, "हॉपर" मिळतात: वाटीच्या आकाराचे, कडा कुरकुरीत आणि मधे मऊ. कोट्टूत, म्हणजे रोटीचे तुकडे तव्यावर परतून केलेल्या पदार्थात, अंडं असतंच असं धरून चाला आणि नको असेल तर आधी सांगा. कोलंबो, कँडी आणि जाफन्यात तमिळ "सैव", म्हणजे शुद्ध शाकाहारी, भोजनालयं आहेत, तिथे काही विचारावंच लागत नाही.

मंदिरात काय घालावं?

खांदे आणि गुडघे झाकलेले, पुरुषांचेही. पादत्राणं आणि टोपी बाहेर. दुपारी दगडी फरशी भाजते, म्हणून मोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा तिथे खरा अपमान समजला जातो. दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका पर्यटक महिलेला २०१४ मध्ये परत पाठवलं गेलं होतं.

पोया म्हणजे काय?

पौर्णिमा. दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, दारूविक्री बंद असते, मंदिरांत पांढऱ्या कपड्यांतली गर्दी असते. तारखा आधी पाहून ठेवा. त्या दिवशी अनुराधापुरात असाल तर भाग्य समजा. संध्याकाळी तिथे पणत्या लावतात.

मलेरिया, डेंग्यू, जळवा?

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०१६ मध्ये श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली. डेंग्यू मात्र आहे, त्याचा डास दिवसा चावतो, तेव्हा मलम सकाळीच लावा. ताप आला तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासा. कुत्रा किंवा माकड चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा, घरी गेल्यावर बघू म्हणू नका. जळवा "सिंहराजा" नावाच्या जंगलात भेटतात, लांब मोजे पुरतात. रुग्णवाहिकेसाठी १९९०, पोलिसांसाठी ११९.

हत्ती बघायला "याला" राष्ट्रीय उद्यान की मिन्नेरिया?

महिन्यावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाचा प्राचीन तलाव आटतो, काठावर कोवळं गवत उगवतं आणि त्यासाठी शेकडो हत्ती एकत्र येतात. ते सोडून दुसरीकडे जाऊ नका. एरवी हत्तींसाठी उदवालवे उद्यान. "याला" उद्यान बिबट्यासाठी प्रसिद्ध, पण जीपची गर्दी अंगावर येते आणि त्याचा मुख्य भाग सप्टेंबरच्या सुमारास बहुधा काही आठवडे बंद असतो.

एकट्या बाईने जावं का?

मी दोनदा एकटी गेले आहे आणि पुन्हा जाईन. खच्चून भरलेल्या बसमध्ये धक्के देणारे भेटतात हे खरं आहे. बाईशेजारी बसा आणि काही वाटलं तर मोठ्याने बोला, आजूबाजूचे लोक मधे पडतात. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचेन असाच दिवस आखा.

जाफना याच फेरीत बसेल?

दोन आठवडे असतील आणि समुद्राचे दिवस कमी करायची तयारी असेल तर. कोलंबोहून जवळपास ४०० किलोमीटर आहे. अनुराधापुर वाटेत येतं, तिथे थांबून आगगाडीने वर जा. एका रात्रीसाठी मात्र जाऊ नका.

मोकळा दिवस नेमका कुठे ठेवायचा?

डोंगर उतरल्यानंतर. दरड पडणं, गाडी रद्द होणं, पोट बिघडणं, हे सगळं मला डोंगरातच भेटलं. एल्लाहून विमानाच्या आदल्या दिवशी निघायचं असं कधीही आखू नका. दोन रात्री तरी आधी खाली या. शेवटची रात्र गॉलला काढणार असाल तर किल्ल्याच्या तटावरून सूर्यास्त बघता येतो, आणि दुसऱ्या दिवशी कोलंबोला जाणाऱ्या आगगाडीत डाव्या बाजूला बसलात तर समुद्र पुष्कळ वेळ रुळांना लागून चालतो. विमान पहाटेचं असेल तर ती शेवटची रात्र पुन्हा नेगोम्बोतच घ्या.